पागडीवरची टपालपेटी

मुंबईत कुणी नवा पत्ता सांगितला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न मालकीचा येतो. ओनरशिप, लिव्ह अँड लायसन्स की पागडी? तोंडावर कुणी विचारत नाही, पण उत्तर कळल्याशिवाय चैनही पडत नाही. ईमेलच्या बाबतीत मात्र याच शहरातली चांगली हिशेबी माणसं हा प्रश्न कधी काढत नाहीत. मेल ब्राउझरमध्ये बघावा की संगणकावर थंडरबर्ड किंवा आउटलुकसारखा मेलचा प्रोग्रॅम टाकावा, यावरचा वाद रंगतो तो दिसण्यावरून, वेगावरून, सवयीवरून. मेल राहतो कुठे आणि त्याची किल्ली कुणाकडे, हे बाजूलाच राहतं.

ब्राउझरमधला मेल म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. जागा नीटनेटकी, नळ-दिवे मालकाने लावलेले, गळतीची कटकट आपल्याला नाही. अटी मात्र मालकाच्या. जीमेलची फुकटची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात सामाईक आहे. गणपतीचे व्हिडिओ चढवून ती भरली की बँकेचा मेलसुद्धा आत येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. दोन वर्षं खात्याकडे कुणी फिरकलं नाही तर ते काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून लागू केलं. गावी गेलेल्या आजोबांचं खातं, ज्यावर सोसायटीची जुनी पत्रं आलेली असतात, ते असंच जाऊ शकतं.

प्रोग्रॅममध्ये मेल आणायच्या दोन पद्धती, पॉप आणि आयमॅप. पॉप म्हणजे ओनरशिप. मेलकंपनीच्या यंत्रावरून, म्हणजे सर्व्हरवरून, मेल उतरवायचा, आपल्या डिस्कवर ठेवायचा, तिकडचा पुसून टाकायचा. जिन्याखालच्या पत्रपेटीतून पत्रं काढून वर घरी आणण्यासारखं. पेटी रिकामी, पत्रं आपल्या कपाटात. यातली अडचण दोन घरं असली की कळते. ऑफिसच्या संगणकाने सकाळी मेल उतरवला की संध्याकाळी डोंबिवलीच्या लॅपटॉपवर पेटी रिकामी. म्हणून 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी खूण या प्रोग्रॅममध्ये असते. पण तिच्याखालीच बऱ्याचदा '१४ दिवसांनी काढा' अशी दुसरी खूण आधीपासून केलेली असते आणि ती कुणी वाचत नाही. पंधराव्या दिवशी फोनवरून मेल गायब होतो आणि 'हॅक झालं' अशी आवई उठते. शिवाय पॉप फक्त इनबॉक्स आणतं. फोनवरून पाठवलेला मेल संगणकातल्या 'सेंट'मध्ये कधीच दिसत नाही.

आणि आयमॅप? ती पागडी. राहतो आपण, रंगरंगोटी आपली, वर्षानुवर्षांचा वावर आपला, इमारत दुसऱ्याची. थंडरबर्ड उघडलं की दहा वर्षांचे मेल डाव्या बाजूच्या फोल्डरांत ओळीने दिसतात, नेट बंद असतानाही उघडतात, आणि माणसाला वाटतं की हे सगळं आता आपल्याकडे आहे. आहे ते आरशात, मूळ मेल सर्व्हरवरच. सर्व्हरवरून एखादा मेल पुसला गेला की पुढच्या जुळवणीत तो संगणकावरूनही जातो. पुसणारे आपण होतो, फोन हातात घेतलेलं पोर होतं की पासवर्ड चोरणारा, याची चौकशी आयमॅप करत नाही.

याचा सगळ्यात मोठा फटका बसतो होस्टिंग, म्हणजे मेलचा सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी, बदलताना. फोर्टातलं छोटं ऑफिस किंवा मशीद बंदरचा व्यापारी स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे @ नंतरच्या स्वतःच्या नावावर, मेल चालवत असतो आणि स्वस्त पडतं म्हणून एका होस्टिंगवाल्याकडून दुसऱ्याकडे जातो. डोमेनचा रोख नव्या सर्व्हरकडे वळतो. पत्ता तोच, पासवर्ड तोच, पण नव्या पेटीत काहीच नाही. सोमवारी सकाळी थंडरबर्ड उघडतं, नव्या सर्व्हरला विचारतं, 'काय काय आहे?', उत्तर येतं 'काही नाही', आणि ते आज्ञाधारकपणे डिस्कवरची प्रतही रिकामी करतं. प्रत्येक आयमॅप फोल्डरला सर्व्हर एक ओळखक्रमांक देतो. तो बदलला की प्रोग्रॅम आधीची साठवण रद्दबातल धरतो. यात बिघाड कुठेच नाही. ठरल्याप्रमाणेच झालंय, आणि म्हणूनच भांडायला कुणी सापडत नाही.

त्यावरचा उपाय स्थलांतराच्या आदल्या दिवशी करायचा असतो. थंडरबर्डच्या डाव्या पट्टीत सगळ्यात खाली 'लोकल फोल्डर्स' असतं. ते कुठल्याच सर्व्हरशी बांधलेलं नसतं. ती खरी ओनरशिपची खोली. तिथे वर्षागणिक फोल्डर करायचे, २०१८, २०१९ असे. मग आयमॅपच्या फोल्डरमधले मेल निवडून उजवी कळ दाबायची आणि 'कॉपी टू' निवडायचं. 'मूव्ह' चुकूनही नाही. एका वेळी पाचशे ते हजार मेल पुरेत. वीस हजार एकदम उचलले की मध्येच जोडणी तुटते आणि कुठवर आले ते कळत नाही. प्रत्येक घासानंतर दोन्हीकडची मेलसंख्या ताडून पाहायची. सगळं झालं की 'वर्क ऑफलाइन' करून दोन-चार जुने मेल जोडपत्रांसकट उघडून बघायचे, कारण नुसतं शीर्षक उतरलंय आणि मजकूर सर्व्हरवरच आहे, असंही होतं. 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज'मध्ये मेल संगणकावर ठेवण्याची खूण केलेली नसेल तर हमखास.

आउटलुकमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात फसवते. ऑफिसच्या एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) खात्याला ऑफलाइन मेल किती काळाचा ठेवायचा याची सरकपट्टी असते आणि ती पुष्कळदा एका वर्षावर असते. नोकरी सोडताना परवानगी घेऊन कुणी पीएसटी, म्हणजे आउटलुकचे मेल एकत्र साठवणारी फाइल काढतो, घरी जाऊन उघडतो, तर आत एकच वर्ष. बाकीचं सर्व्हरवर होतं आणि निर्यात झाली ती डिस्कवर होतं तेवढ्याचीच. आधी पट्टी 'ऑल'वर नेऊन मेल पुरता उतरू द्यायचा, मग निर्यात. आणि ओएसटी, म्हणजे सर्व्हरवरच्या मेलची संगणकावरची प्रत असलेली फाइल, उचलून नेऊ नये. ती त्या खात्याशी, त्या संगणकाशी बांधलेली असते. बाहेर नेण्याजोगी असते ती पीएसटी.

ब्राउझरचा आणि डेस्कटॉप प्रोग्रॅमचा असे हे दोन पंथ कसे पडले हे पाहिलं की बराच उलगडा होतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळायचं ते शेल खातं. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. मेल वाचायचा तो पाइन नावाच्या प्रोग्रॅममध्ये, आणि तो चालायचा व्हीएसएनएलच्या यंत्रावर. आपला संगणक म्हणजे नुसती खिडकी. म्हणजे मेल दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवून लांबून वाचण्याची रीत ब्राउझरने आणलेली नाही, ती त्याच्या आधीची आहे. पुढे ग्राफिकल जोडण्या आल्या आणि युडोरा, आउटलुक एक्स्प्रेस आले. डायलअपवर मिनिटाचं मीटर चालू, एमटीएनएलचं कॉलचं बिल वेगळं. त्यामुळे लाइन लावायची, 'सेंड-रिसीव्ह' दाबायचं, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचत बसायचं. डेस्कटॉप प्रोग्रॅमची गोडी या काटकसरीतून आली. ज्याच्या घरी संगणकच नव्हता, तो तासाच्या हिशेबाने पैसे मोजून सायबर कॅफेत बसायचा. त्याच्यासाठी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी सुरू केलेलं हॉटमेल होतं, आणि पुढे मुंबईचंच रेडिफमेल. यंत्र कुणाचं आणि मिनिटं कुणाची, यावर माणूस कुठल्या पंथात जाणार ते ठरायचं. हॉटमेलची जागा तेव्हा २ एमबी होती. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल १ जीबी घेऊन आलं, तेव्हा तारीख बघून अनेकांना ती थट्टा वाटली. जागेची चणचण संपली, पुसायची गरज संपली, आणि मेल स्वतःकडे उतरवून घ्यायचं कारणही विसरलं गेलं.

जीमेल थंडरबर्डमध्ये आणायचं तर आता पासवर्ड टाकून भागत नाही. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांना नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमने आत येणं बंद केलं. आवक सर्व्हरला ९९३ क्रमांकाचं दार, जावक सर्व्हरला ४६५ किंवा ५८७, आणि ओळख पटवण्याची पद्धत दोन्हीकडे 'ओऑथ२', म्हणजे पासवर्ड प्रोग्रॅमला न देता गूगलच्याच पानावर लॉगिन करणं. आवकला ती लावून जावकला जुनाच 'नॉर्मल पासवर्ड' राहिला की मेल येतात पण जात नाहीत. ही चूक इतकी नेहमीची आहे की 'मेल जात नाही' म्हटलं की आधी तिथेच बघावं. लॉगिनची छोटी खिडकी उघडून कोरीच राहत असेल तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का पाहायचं. ऑफिसातल्या स्कॅन करून मेल पाठवणाऱ्या जुन्या यंत्राला ओऑथ कळत नाही. त्याच्यासाठी खात्याला दुहेरी पडताळणी लावून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो.

जीमेलची दुसरी खोड म्हणजे तिथे फोल्डर नाहीतच, लेबलं आहेत. एका मेलला तीन लेबलं लावली की आयमॅपमधून तो तीन फोल्डरांत दिसतो, आणि वर 'ऑल मेल'मध्ये चौथ्यांदा. डिस्क भराभर भरते, शोधात तोच मेल पुन्हा पुन्हा येतो. ब्राउझरमध्ये जाऊन लेबलांच्या सेटिंगमध्ये 'ऑल मेल'समोरची 'शो इन आयमॅप' खूण काढली की निम्मा भार उतरतो. मात्र अर्काइव्ह केलेले, म्हणजे न पुसता इनबॉक्समधून हलवलेले मेल, दुसरं लेबल नसेल तर फक्त 'ऑल मेल'मध्येच असतात. अर्काइव्ह करायची सवय असणाऱ्याने ती खूण राहू द्यावी. पहिली उतरवणी घाईची नसते. गूगलने वर्कस्पेस, म्हणजे कंपन्यांच्या खात्यांसाठी आयमॅपने दिवसाला २,५०० एमबी उतरवण्याची मर्यादा छापली आहे. बारा जीबीचं खातं म्हणजे पाच दिवस धरून चालावं, तेही घरच्या वायफायवर.

आता कपाटाची गोष्ट. थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल सहसा एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवतं. या पद्धतीचं नाव एमबॉक्स. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते, आणि वीस वर्षांनी कुठलाही प्रोग्रॅम ती वाचू शकेल. मला तिचं हेच आवडतं. पण मेल पुसला की तो फाइलमधून लगेच जात नाही, त्याच्यावर फक्त काट मारली जाते. प्रत्यक्ष जागा मोकळी होते ती 'कॉम्पॅक्ट' केल्यावर. कॉम्पॅक्ट चालू असताना मेन स्विच खाली केला की फाइल अर्धवट. यादीत मेल चुकीचे दिसू लागले, एकावर टिचकी मारली आणि दुसराच उघडला, तर घाबरू नये; सूचीची फाइल बिघडलेली असते, मेल शाबूत असतात. फोल्डरवर उजवी कळ, 'प्रॉपर्टीज', 'रिपेअर फोल्डर'. अँटिव्हायरस मात्र खरा दगा देतो. एका मेलमध्ये व्हायरसवाली फाइल सापडली की तो अख्खा इनबॉक्स विलगीकरणात टाकतो, कारण त्याच्या लेखी ती एकच फाइल. थंडरबर्डचा प्रोफाइल फोल्डर, ज्यात सगळे मेल आणि सेटिंग असतात, तो तपासणीतून वगळायचा, एवढंच.

आउटलुकच्या पीएसटीचं गणित अजून कडक. जुन्या धाटणीच्या पीएसटीला २ जीबीची सीमा होती. २००३ पासूनच्या नव्या धाटणीला आधी २० आणि २०१० पासून ५० जीबी. जुनी फाइल दोन जीबीच्या आसपास गेली की उघडायचीच बंद व्हायची आणि मग 'स्कॅनपीएसटी' या दुरुस्तीच्या प्रोग्रॅमची रात्रभर आराधना. ही फाइल ऑफिसच्या सामाईक सर्व्हरवर ठेवून दोघांनी वापरायची कल्पना अनेकांना सुचते. मायक्रोसॉफ्ट तिला पाठिंबा देत नाही आणि फाइलही देत नाही. नवं आउटलुक, जे विंडोजमधल्या जुन्या 'मेल' ॲपच्या जागी आलं, ते तर नावापुरतंच डेस्कटॉप आहे. आत ब्राउझरच आहे, आणि त्यात जीमेल किंवा दुसरं आयमॅप खातं जोडलं की मेल मायक्रोसॉफ्टच्या ढगातून फिरून येतात. एका मालकाकडून सुटायला गेलात आणि दोन मालक झाले.

मराठीत मेल लिहिणाऱ्यांनी शोधाकडे बारकाईने पाहावं. जीमेलचा शोध झटपट आहे, जोडपत्राच्या आतलंही बरंचसं वाचतो, 'लार्जर:१०एम' लिहून जड मेल वेगळे काढून देतो. पण तो पूर्ण शब्दाच्या हिशेबाने चालतो, शब्दाचा तुकडा त्याला चालत नाही. इंग्रजीत हे खपून जातं. मराठीत शब्द तसाच्या तसा क्वचित येतो. 'पाणी' पाण्याचं होतं, पाण्यामुळे होतं, पाण्यासाठीही होतं. थंडरबर्डची 'क्विक फिल्टर' पट्टी तुकडा शोधते. तिथे 'पाण' एवढंच लिहिलं की सोसायटीच्या टँकरपासून गळतीपर्यंत सगळा पत्रव्यवहार समोर. पट्टीखालची 'बॉडी' ही कळ मात्र दाबावी लागते, आणि मजकूर डिस्कवर उतरलेला असावा लागतो. आणखी एक मेख 'ऱ्या'ची. 'दुसऱ्या' हा शब्द दिसायला एक, पण संगणकात तो दोन प्रकारे टाइप झालेला असतो. काही कीबोर्ड स्वतंत्र 'ऱ' वापरतात, काही साध्या 'र'ला हलन्त देऊन मागे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. म्हणून 'दुस' वर थांबावं.

जुन्या मेलमध्ये मराठीच्या जागी डोक्यावर रेघ दिलेला रोमन ए आणि नाण्याचं गोल चिन्ह यांची माळ दिसली तर मजकूर हरवलेला नसतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचं आणि पहिला बाइट सगळ्यांचा सारखा. तो पाश्चात्त्य लिपीच्या चष्म्यातून वाचला की अशी माळ होते. थंडरबर्डमध्ये 'व्ह्यू'खालच्या 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग'ने बहुधा ती सुटते. युनिकोडपूर्व फाँटांत लिहिलेल्या मेलला हा इलाज लागू नाही. तिथे तोच फाँट टाकावा लागतो किंवा परिवर्तक वापरावा लागतो.

प्रवासाच्या बाबतीत ब्राउझरवाले म्हणतात की आता नेट सगळीकडे आहे. पारसिकच्या बोगद्यातून एक्स्प्रेस गाडी जाताना त्यांनी 'सेंड' दाबून बघावं. जीमेलला ऑफलाइन सोय आहे, ती सेटिंगमध्ये जाऊन आधीच चालू करावी लागते आणि ७, ३० किंवा ९० दिवसांचेच मेल ठेवते. थंडरबर्डला त्याचं काही सोयरसुतक नाही. निघण्यापूर्वी 'डाउनलोड-सिंक नाऊ', मग कल्याणपर्यंत उत्तरं लिहायची आणि कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबून आउटबॉक्सात टाकायची. घात होतो तो इथेच. स्टेशन आलं, लॅपटॉप मिटला, आणि मेल 'पाठवले' या समाधानात माणूस रिक्षाच्या रांगेत. पाचच्या मुदतीचं टेंडर रात्री अकराला आउटबॉक्सात बसलेलं सापडतं. ब्राउझरमध्ये निदान 'पाठवला' ही पट्टी समोर दिसते, आणि ३० सेकंदांपर्यंत मेल मागे घेता येतो.

जोडपत्राची एक गंमत दोन्हीकडे सारखी. मेलमध्ये फाइल अक्षरांत रूपांतरित होऊन जाते, तीन बाइटची चार अक्षरं होतात. त्यामुळे २५ एमबीची मर्यादा अख्ख्या मेलवर असेल तर प्रत्यक्षात साधारण १८ एमबीची फाइल मावते. ब्राउझरमधलं जीमेल मोठ्या फाइलची मुकाट ड्राइव्हची लिंक करतं. थंडरबर्डमधून गेलेला मेल नकार घेऊन परत येतो. वकिलाला, सीएला पाठवताना मला तो नकार बरा वाटतो. लिंक उद्या बंद होऊ शकते.

सुरक्षिततेत कुणी कुणापेक्षा सोवळं नाही. कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला लोक त्या संगणकावर स्वतःचा मेल उघडतात, कागद घेतात आणि निघून जातात; पुढचं गिऱ्हाईक त्यांचा इनबॉक्स बघतं. तिथे इन्कॉग्निटो खिडकीच वापरावी, आणि विसरलंच तर घरी येऊन जीमेलच्या पानाच्या तळाशी उजवीकडे 'डिटेल्स'मधून बाकीची सगळी लॉगिनं तोडावीत. उलट थंडरबर्डला 'प्रायमरी पासवर्ड' लावला नसेल तर लॅपटॉप उचलणारा 'सेव्ह्ड पासवर्ड्स'मध्ये जाऊन साठवलेले पासवर्ड उघड वाचू शकतो, आणि मेलच्या फाइली तर कुलपाविनाच असतात. बिटलॉकरसारखं डिस्कचं कुलूप लावल्याशिवाय दहा वर्षांचा मेल घेऊन लोकलने फिरू नये.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर, मेलचा स्क्रीनशॉट हा पुराव्यात सगळ्यात लंगडा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा बोटाच्या ठशासारखा क्रमांक, लिहावं लागतं. ते काढायला फाइल हवी. थंडरबर्डमध्ये 'सेव्ह ॲज' केलं की ईएमएल फाइल मिळते, तिच्यात मेल कुठल्या सर्व्हरवरून कधी आला त्याच्या सगळ्या नोंदी असतात. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल'मधून तीच उतरवता येते, फक्त एकेक करून.

मग वापरावं काय? रोजचा वावर ब्राउझरमध्ये किंवा फोनवर ठेवायला माझी हरकत नाही. घरच्या एका संगणकावर आयमॅपने जोडलेलं थंडरबर्ड असावं, आणि तीन महिन्यांतून एकदा त्यातून 'लोकल फोल्डर्स'मध्ये प्रत व्हावी. मग प्रोग्रॅम बंद करून अख्खा प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर. चालू प्रोग्रॅमची नक्कल करू नये, फाइल अर्ध्यात पकडली जाते. ही डिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी तळमजल्यावर असलेला संगणक आणि त्याच्या शेजारची डिस्क यांना एकच पाणी लागलं असतं. डिस्क वरच्या मजल्यावर, नाहीतर बहिणीकडे ठाण्याला. आणि वर्षातून एकदा ती दुसऱ्याच संगणकाला जोडून, तिथल्या रिकाम्या थंडरबर्डमध्ये लावून, २०१९ सालचा एखादा मेल काढायचा आणि त्यातली पीडीएफ उघडते का ते बघायचं.